शेवटचा र

चार वर्षं मी बिलावर त्याचं नाव लिहीत होतो,
टेसियर, टेसियर,
अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, पंख्याखाली,
पेटीमागे एकशेवीस टॉवेल.
आणि तो आला तेव्हा हात पुढे करून म्हणाला, तेसिए.
शेवटचा र आम्ही बोलत नाही.
मग लिहिता कशाला, असं विचारणार होतो,
पण शेजारी मालक होते,
आणि मालकांशेजारी मीही
बरीचशी अक्षरं बोलत नाही.

दुपारी कडक भाकरी त्याने पापडासारखी मोडली,
शेंगाचटणीने डोळ्यांत पाणी, तरी पुन्हा घेतली,
आणि सांगू लागला:
तेसिए म्हणजे विणकर, त्यांच्या दक्षिणेकडच्या जुन्या बोलीत.
एका गावात सहा पिएर असले
की करवसुलीवाला विचारायचा, कुठला पिएर?
तो, विणणारा.
तेवढंच वहीत उतरलं.
वही वाळवीने खाल्ली, नाव राहिलं.
आता त्याच्या गावच्या टेलिफोनच्या पुस्तकात दीड पान तेसिए:
एक दातांचा डॉक्टर, एक बस चालवतो,
एका बाईचं फुलांचं दुकान,
समुद्रापलीकडे कॅनडात तर ढीगभर, ओळख ना पाळख.
विणणारा एकही नाही.
आणि तुम्ही?
मी विकत घेतो.

मग माझी पाळी. गड्डम, म्हटलं. तेलुगूत दाढी.
त्याने माझ्या गुळगुळीत हनुवटीकडे पाहिलं
आणि आम्ही इतके हसलो
की मालकांनाही हसावं लागलं.

कोण होता तो दाढीवाला, काय की.
तेलंगणातून चालत आला, का त्याचा बाप आला.
दाढी कधीच मातीला मिळाली,
पूर्व भागाच्या मतदारयादीत मात्र अजून दोन पानं वाढलेली:
गड्डम, गडम, एके ठिकाणी गद्दाम.
माझी चुलती सत्यव्वा दारात विड्या वळते,
तीसुद्धा दाढी.
मुलगा पुण्यात. तिथे त्याला मॅडमच्या चालीवर गॅडम म्हणतात.
तो दुरुस्त करत नाही.

आमच्या बोळात कुणाच्याच आडनावात माग नव्हता.
माग घरात होता.
आजोबांचा मी किलोवर विकला.
भंगारवाल्याने धोटा हातात घेऊन पाहिला, म्हणाला, लाकूड आहे,
आणि काट्यावरून बाजूला ठेवला.
तो धोटा कुठे गेला, आठवत नाही.

नाव उभं, आडनाव आडवं.
उभे धागे एकदा ताणले की बिमावर गप्प बसतात,
धावपळ सगळी आडव्याची,
या काठापासून त्या काठापर्यंत,
तुटलं की तेच तुटतं,
असं मला वाटत होतं.
पण खात्यात नेलं तेव्हा तुटला तो उभा.

भूमय्या दासरीने माग थांबवला, बोटं ओली केली,
गाठ कधी बसली ते दिसलंच नाही.
साहेब म्हणाला, मी करू?
तीनदा केली. तीनदा सुटली.
भूमय्याने त्याचा अंगठा धरून जागेवर ठेवला,
लहान मुलाचा ठेवतात तसा.
चौथीही सुटली.

काय म्हणलालाय त्यो?
मी सांगितलं. टॉवेलच्या काठावर तू जे विणतोस ना,
ते याचं आडनाव. अर्थ विणकर.
भूमय्याने काठ उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला.
रोज चारशे वेळा त्याच्या हातून गेलेला काठ.
मला वाटलं नक्षी हाय, म्हणाला.
मधी दोन नाग.

मी म्हटलं, ते नाग नव्हेत, स आहेत.
आणि हे शेवटचं दिसतंय ना, ते बोलत नाहीत.

भूमय्याने माग सुरू करता करता हात रोखला.
मग काढून टाकू? धागा वाचंल.

नको, म्हटलं.
बिलात आहे.