पडद्यावरचा साकव

बावीस वर्षं पतसंस्थेची पिग्मी गोळा केली मी,
स्कूटीवरून, रेनकोटाच्या आत वही पोटाशी धरून.
आज कुवारबावच्या शोरूममध्ये
माझ्या नावावरची क्रॉसओव्हर उभी आहे.
रंगाचं नाव ओजस नावाच्या पोरानं इंग्रजीत सांगितलं.
मला तो बांगड्याच्या पाठीचा वाटला.

कर्जाला जामीन जुबेदा सोलकर,
म्हणून पहिल्या फेरीचा मान तिचा.
नारळ फुटला, चाकाखाली लिंबू चिरडलं.
जुबेदानं चपला काढून मांडीवर घेतल्या,
नव्या मॅटवर माती कशाला.

"नेव्हिगेशन गाडीतलंच आहे, मॅडम,
रेंज गेली तरी चालतं."
आमच्याकडे रेंज येते कधी, हे त्याला विचारलं नाही.
"आणि कंपनीचा फोन आला
की दहापैकी दहा द्या, प्लीज."
म्हटलं, बघू. आधी परीक्षा.
दहा-दहा रुपयांसाठी मी ज्या अंगणांतून
चहाला नको-नको म्हणत फिरले,
त्यातली किती हिला येतात ते तरी कळू दे.

पावसपर्यंत बाई हुशार.
पुढे गोळपचं गोलाप केलं,
गावखडीचे दोन तुकडे केले, मध्ये श्वास घेतला.
जुबेदा म्हणाली, "घाटावरून बदली होऊन आलेली
मास्तरीण दिसते. शिकेल."

सड्यावर चढलो, तर पडद्यावर अक्षरं:
नाव नसलेला रस्ता.

नाव नसलेला?
अगो, हा पांडू घवाळीच्या करवतीचा रस्ता.
याच उतरणीला माझी स्कूटी तीनदा घसरली,
आणि तिन्ही वेळा सांडलेली चिल्लर वेचायला
समोरच्या घरातली म्हातारीसुद्धा वाकली.
संध्याकाळी भरणा केला, रुपया कमी नाही.
नाव नसलेला म्हणे.
दोन गुण कापले.

"तीनशे मीटरवर डावीकडे वळा."
डावीकडे काजूची कलमं, मग उतार, मग वहाळ.
"वळू नको गो," जुबेदा म्हणाली, "साकव कुठाय आता?"
मी वळले.
परीक्षा म्हणजे परीक्षा.

काठावर थांबले. हँडब्रेक चाचपला,
त्याचं आता बटण झालंय.
समोर पाण्यात दोन खांब नुसते,
एकावर पाणकावळा पंख वाळवत बसलेला.
साकव गेला त्याला सहा वर्षं झाली,
त्याच रात्री पलीकडची पिठाची गिरणीही गेली.
पडद्यावर मात्र निळी रेघ सरळ पलीकडे,
साकव शाबूत, गिरणीची खूणही जागच्या जागी,
आणि खाली लिहिलेलं: पोचायला चार मिनिटं.

"चार मिनिटं!" जुबेदा हसली.
मग हसायची थांबली.
पलीकडे तिचं माहेर.
आता फिरून जायचं तर चौदा किलोमीटर,
आणि चौदा किलोमीटरवर
उगाच डोकावायला कोण जातं?

मी नापासच करणार होते.
पण कालच फोनवर कुरियरवाल्याला मी सांगत होते,
"सुर्व्यांच्या दुकानापाशी आत वळ."
सुर्व्यांनी दुकान कधीच मोडलं,
तिथे आता मोबाइलचा टॉवर आहे.
आणि ही जुबेदा,
अजून मला वडाखाली बोलावते.
रस्ता रुंद करताना वड गेला.
मी जाते, तिथेच उभी राहते,
उन्हात.

"मार्गावर पुढे चला," बाई म्हणाली.
आवाजात जराही शंका नाही.
मी बटणाकडे हात नेला.
"बंद नको करू," जुबेदा म्हणाली,
"होऊ देत चार मिनिटं."

काचा खाली केल्या. चिखलाचा वास आला,
नव्या सीटच्या वासावर चढला.
पाणकावळा एकदा उडाला,
दुसऱ्या खांबावर जाऊन बसला.
मी घड्याळ लावून मोजली, सवय आहे हिशोबाची:
चार झाली, पाच झाली.
पडद्यावर अजून चारच.

दहापैकी किती,
ते फोन आला की बघू.