आठ एकेचाळीस

माझ्या पाटीवर दोन भाषांत लिहिलंय: थांबा, मुलं.
वेल्शमध्ये मुलांना ‘प्लान्ट’ म्हणतात.
परगावचे लोक काच खाली करून विचारतात,
बाई, रोपं कुठं लावताय?
मी म्हणते, पलीकडं. शाळा आहे तिथं.

अकरा वर्षं उभी आहे या वळणावर,
स्लेटच्या खाणीकडून रस्ता जिथं एकदम उतरतो.
माणूस गाडीवरून कळत नाही, हनुवटीवरून कळतो.
वर असली तर तो रस्ता बघतोय.
खाली झुकलेली, आणि तिच्यावर निळसर उजेड,
तर मांडीतून कुणीतरी बोलतंय त्याच्याशी.

काल ती राखाडी गाडी
पट्ट्यांवर दीड हात आत येऊन थांबली.
थांबली, हे खरं.
टायर किंचाळले, हेही खरं.
छोट्या मॅबलीच्या हातून डबा सुटला,
द्राक्षं घरंगळत गेली गटाराच्या जाळीपर्यंत.
ती द्राक्षांसाठी रडली.
मी नुसती तो दीड हात बघत राहिले.

मग हातमोजा दातांनी ओढून काढला,
नंबर तळहातावर लिहिला,
आणि वर बघितलं.
गेथिन.

मी इथं उभी असते तेव्हा
माझ्या घरी इद्वालची दाढी करतो तो गेथिन.
झटका आल्यापासून इद्वालचा डावा गाल
माझ्या हातून कापला जातो,
त्याच्या हातून कधीच नाही.
सकाळची चार घरं, चार आजारी माणसं;
मधल्या रस्त्याचे पैसे त्याला कुणी देत नाही.
त्यानं काचेआडून हात वर केला.
मी पाटी खाली घेतली.

एकदा केली होती मी तक्रार.
खाटकाच्या थोरल्याची. परवाना गेला, पाठोपाठ नोकरी.
पोलीस म्हणाला, बाई, तुम्ही कुणाचा तरी जीव वाचवलात.
कुणाचा, ते त्यालाही सांगता येईना.
वाचलेल्या जिवाला नाव नसतं,
गेलेल्या परवान्याला असतं.
त्या मुलाची आई चॅपेलमध्ये अजून माझ्या मागच्या बाकावर बसते
आणि सगळी भजनं माझ्या पाठीवर म्हणते.

नऊला पाटी भिंतीला टेकवली.
फॉर्म भरायला कोटातून फोन काढला,
तर आधीच एक निरोप येऊन पडलेला:
‘पाच मिनिटं उशीर होईल. काळजी करू नका. इद्वालला’
पुढं काही नाही.
वेळ, आठ एकेचाळीस.

म्हणजे त्याच्या मांडीतून बोलत होते
ती मीच.
मीच म्हटलं होतं ना ईस्टरच्या सुमाराला,
उशीर होणार असला तर कळवत जा रे,
माझा जीव टांगणीला लागतो.

फॉर्म विचारतो: रंग. ठिकाण. वेळ.
चालकाला ओळखता का?
एवढुशी चौकोनी जागा, उत्तरासाठी.

संध्याकाळी भांडी घासताना
शेवटचे दोन आकडे साबणात गेले.
हात पुसून मी ते पुन्हा गिरवले.
का, ते विचारू नका.
इद्वालनं चांगल्या हातानं माझी मूठ उलगडली,
हे काय, असं भुवईनं विचारलं.
म्हटलं, गेथिनचा नंबर.
त्याला वाटलं फोनचा. मान हलवली,
बरं केलंस.
दिव्याखाली त्याची हनुवटी गुळगुळीत होती,
कुठं ओरखडासुद्धा नाही.

तो झोपल्यावर लिहायला घेतलं:
गेथिन, उद्यापासून कळवू नकोस.
उशीर झाला तर होऊ दे. आम्ही थांबू.
आणि द्राक्षांचं सांगायचंय तुला, समोर बसून.

अंगठा बटणावर नेला
आणि घड्याळ बघितलं.
यावेळी तो रात्रीच्या तिसऱ्या घरून निघतो.
गाडीत असेल.