बारदान वजा जाता

नंदुरबारच्या मिरची बाजारात मी मापाडी.
सत्तावीस हंगाम काट्याच्या उजव्या अंगाला उभा.
पोतं टेकलं की खांद्याला आकडा कळतो,
काटा मागाहून कबूल होतो.

जिज्ञासाला आत्येभावानं वापरायला दिलेला लॅपटॉप
एका रिकाम्या दुपारी मी काट्यावर ठेवला.
पोत्यांची सवय असलेला काटा जरा अडखळला,
मग बोलला : पावणेतीन किलो, चार्जरसकट.
वर डबा, बाटली, संख्याशास्त्राचं जाडजूड पुस्तक.
शहाद्याची एसटी, तासभर उभ्यानं.
तिची आई भाकरी थापता थापता एवढंच म्हणाली,
"आंडेरनी पाठ दुखस. हलकंच लई या."

भिशी लागली होती. तीस हजार.
फैजानच्या दुकानात पहिला दाखवला एकोणतीसचा.
हातात घेतला, डोळे मिटले : "एक किलो नऊशे."
फैजाननं खोका फिरवून बारीक अक्षर वाचलं
आणि खुर्ची पुढं सरकवली. "बसा काका."
दुसरा एक्केचाळीसचा. तळहातावर आला आणि आलाच नाही.
"तेराशे."

इथं माझी गाडी रुतली.
जन्मभर जड ते महाग.
इथं सहाशे ग्रॅम कमी द्यायचे
बारा हजार जादा.
ग्रॅमला वीस रुपये, तेही
नसलेल्या मालाचे!
"काट्यात मारतोस का रे?" मी म्हटलं.
फैजान हसला. जिज्ञासा हसली नाही.
"पप्पा, ओल्या मिरचीला काय भाव?
आणि वाळलेलीला?"

मी गप्प.
डोळ्यांपुढं पथारी आली,
नजर पोचेल तिथवर लाल,
तोंडाला फडकं बांधून उलथापालथ करणाऱ्या बाया.
चार किलोची एक किलो होते,
तीन किलो ऊन घेऊन जातं
आणि भाव चढतो.
हे मी रोज मोजतो. आणि हे मला
अठरा वर्षांच्या पोरीनं सांगायचं.

तरी एक्केचाळीस ते एक्केचाळीसच.
मग फैजाननं आतून तिसरा आणला,
फडक्यात गुंडाळलेला. कुठल्याशा कंपनीतून परत आलेला,
कोपरा घासलेला, पाठीवर अर्धवट खरवडलेला नंबर,
एक अक्षर कुणाच्या तरी बोटानं पुसट झालेलं.
साडेतेवीस हजार. बॅटरी थकलेली,
नवी टाकली तर अठ्ठावीसशे.
जिज्ञासानं अर्धा तास तपासला,
झाकण शंभरदा उघडलं, मिटलं, काय काय विचारलं,
मला त्यातलं "वॉरंटी" तेवढं कळलं. सहा महिने.

वजनाबद्दल मात्र मी ऐकून घेत नाही.
शेजारच्या फरसाणवाल्याकडं नेला,
शेवेची परात उतरवून त्याला बसवलं.
बाराशे सत्तर.
"आणि चार्जर?" फरसाणवाला.
"चार्जर बारदानात धरायचा की मालात?"
यावर आमचं दोघांचं बराच वेळ चाललं.
मागं दोन गिऱ्हाइकं पापडीसाठी ताटकळली.
शेवटी मालातच धरला. पोरीला तो उचलावाच लागणार.
पंधराशे साठ.

रात्री खाटेवर तिनं तो उघडला,
"पप्पा, तुम्ही सुरू करा."
मी तीनदा साबण लावला होता,
पण आमच्या हातांचं काही खरं नसतं,
मिरची रेषांत राहते.
करंगळीच्या पेरानं बटण दाबलं.
तोंडावर उजेड पडला
आणि नेमकी मला शिंक आली.
"पुसा आधी," ती म्हणाली, मला नव्हे, त्याला.

ती झोपल्यावर सवयीनं पावतीबुक काढलं.
माल : एक नग.
भाव : बॅटरी धरून सव्वीस हजार तीनशे.
वजन : दीड किलो साठ ग्रॅम.
घट : पाठीवरून एक किलो एकशे नव्वद.
ओलावा : तपासला नाही.
खाली सही केली,
मग आठवलं, देणार कुणाला ही पावती,
आणि सकाळी साडेसहाची गाडी,
तिच्या बॅगेचा बंद उसवलाय तो शिवायचा राहिलाय.