जाळ्याचं शिसं

उन्हाळ्यात नाथसागर मागं सरला
की बुडीत गावाची वेस उघडी पडते.
तिथंच, डुबकीचा पोशाख न काढता,
शिरसाट बाईंनी माझं जाळं चाचपलं.
सगळे शिशाचे गोळे. एकच चपटा.
त्यावर झिजून उरलेलं जहाज,
दोन डोलकाठ्या, खाली लाटेची रेघ.

"कुठं गावलं, आसरुबा?"
सासऱ्यानं ओवलेलं.
त्याच्या आधीचं मला काय ठावं.

सातवाहनांचं नाणं, म्हणाल्या,
पैठणचा माल पार समुद्रापल्याड जायचा.

समुद्र म्या बघितला नाही.
पण हे जहाज रोज दिवेलागणीला बुडवलं
आन् पहाटे वर काढलं,
कधी मरळ भरून, कधी नुसतं शेवाळ.

बाईंनी पावती दिली.
जाळ्याचा तेवढा कोपरा
अजून तरंगतो.