नळी काढून टाकल्यावर

थंडर बेमध्ये जानेवारी. सकाळचे सात, उणे एकोणतीस.
व्हेइको रौतानेन बॅटरी कोटाच्या आत ठेवतो,
काखेशी, अंडं उबवावं तशी.
गारठलेली बॅटरी चार खिळे मारते आणि रुसते.
एवढं सांभाळलं की बाकी सोपं,
असं मी त्याला ठासून सांगितलं होतं,
दुकानदाराने मला सांगितलं तसंच.

वीस वर्षं कॉम्प्रेसर होता आमच्याबरोबर.
लाल, बुटका, दर सहा मिनिटांनी पिसाळणारा.
आणि पन्नास फूट नळी: जिन्यावरून वर,
प्रत्येक कोपऱ्याला अडकत, पायात घुटमळत,
थंडीत काठीसारखी ताठ.
पण नळीच्या टोकाची ती बंदूक!
हातात आहे की नाही, मनगटाला कळायचं नाही.
घोडा दाबला की खिळा आत.
मध्ये विचाराला जागाच नव्हती.

ही नवी अर्धा क्षण थांबते.
जणू विचारते, इथेच ना? नक्की?
तेवढ्यात हात हलतो,
खिळा रेषा सोडून रेशांच्या मागे जातो
आणि मेपलच्या चेहऱ्यातून बाहेर डोकावतो,
माझ्या अंगठ्यापासून एका नखावर.
पाइनमध्ये लोण्यात जावा तसा जातो.
मेपलमध्ये डोकं केसभर वर राहतं,
मग हातोडी आणा, पंच आणा,
ठक, ठक,
ज्यांना घरी ठेवायचं ठरलं होतं ते सगळे परत हजर.

छताखालची पट्टी मारायची असेल तर विचारूच नका.
शिडीवर, हात वर, मान मागे,
बॅटरी खाली ओढते, तोंड वर हवं असतं.
नाकापेक्षा मोती जड.
दुपारपर्यंत खांदा आपला राहत नाही.
शिवाय दोन बॅटऱ्यांच्या पैशांत
तो लाल बुटका दोनदा आला असता.

तरी पेल्टिये बाईंच्या घरी तीच नेली.
अकरा दिवसांचं बाळ वरच्या खोलीत,
आणि खाली आम्हाला सात दारांच्या चौकटी.
बाई जिन्यात उभ्या राहून ऐकत होत्या.
फट्. मग काही नाही. फट्.
बाळ झोपलेलंच.
त्यांनी आम्हाला गरम पाव दिला, दालचिनीचा,
कॉम्प्रेसरला असा पाव कधी मिळाला नव्हता.

त्या शांततेत मला घर ऐकू आलं.
भट्टीची खोकल्यासारखी सुरुवात,
तळ्यावरचा बर्फ लांब कुठे तरी तडकताना.
मी म्हणाले, व्हेइको, डावीकडची फट बघ.
तो मोजत राहिला.
मी पुन्हा म्हणाले. मग त्याच्या पाठीला म्हणाले, मोठ्याने,
इतक्या मोठ्याने की वर बाळ हललं.
तो मोजत राहिला.

वीस वर्षं मी समजत होते
की यंत्र चालू आहे म्हणून तो उत्तर देत नाही.
चिडका आहे, म्हणायचे. फिनिश आहे, बोलणार कशाला.
यंत्राने आम्हा दोघांचीही बाजू घेतली होती.

जेवताना तो टोपी मागे सारून बसला,
चौकटीवर तळहात टेकवला,
खिळा बसला की नाही ते असंच बघतो तो,
आता कळलं का.
मग माझ्याकडे वळून, माझ्या ओठांकडे बघत,
जरा जास्तच मोठ्याने:
'शांत आहे ना ही, ऐला?'

मी मान हलवली.
नुसती हलवली असती तरी चाललं असतं,
पण मी ती मोठी हलवली, दोनदा,
दूरच्या माणसाला होडीतून हात करावा तशी.

कॉम्प्रेसर विकलेला नाही. व्हॅनमध्ये मागे आहे,
ताडपत्रीखाली.
एप्रिलमध्ये शाळेचं काम आहे, साठ दारं,
तिथे खांद्याचा विचार करावा लागेल.