वारा पडलेली सकाळ

पहाटे पाचला एर्मेलिंदा मावशी काचेवर टिचकी मारते:
"ऊठ डेल्विन, वारा काय म्हणतोय बघ."

दहा उन्हाळे मी वणवे विझवले.
हेमेझचे डोंगर, गिलाचं रान, पार माँटानापर्यंत.
आगीला खायला काही उरू नये म्हणून
तिच्या वाटेवरची जमीन खरवडत गेलो.
वाऱ्याची बोली त्या कामात शिकलो,
आणि गेल्या जूनमध्ये, एका दुपारी,
ती आमच्यातल्या कुणालाच कळली नाही.
ऑरविल माझ्या डाव्या हाताला होता.

मावशीने त्याबद्दल काही विचारलं नाही.
मला माती चाळायला बसवलं.

टेकडीच्या पोटातली माती, करडी, पाटीसारखी टणक.
खणण्याआधी मावशी जे बोलली
ते मातीशी बोलली. ते इथे लिहायचं नाही.
मग पाट्यावर खापऱ्या वाटल्या,
तिच्या आईच्या फुटक्या वाडग्याच्या,
ज्यात तिच्या आजीच्या घागरीचा चुरा,
ज्यात आणखी कुणाचा तरी.
"नुसती माती तडकते," ती म्हणाली,
"तिला आधी भाजून निघालेलं कुणीतरी सोबत लागतं."
मी चाळत राहिलो.

चाक नाही इथे.
वळीवर वळी चढते, फिरतो तो अंगठा.
भोपळ्याच्या कवटीने भिंत खरवडायची,
मक्याच्या भाकरीहून पातळ होईतो.
वर पांढऱ्या मातीचा हात, मग गोटा घासायचा,
तोही वारशाने आलेला, एका बाजूने झिजलेला.
युक्काचं पान दातांनी चावून कुंचला,
पाला उकळून आटवलेली काळी वडी,
आणि आधी काही आखणं नाही.
रेघ वाडग्याला वळसा घालून
निघाली त्याच ठिकाणी येऊन मिळते.
मला विचाराल तर जादू.
तिला विचाराल तर नवा चष्मा.

बाहेर बर्नाडीनच्या धुराड्याचा धूर सरळ उभा.
मी चिमूटभर धूळ सोडली, ती बुटावरच पडली.
"वारा नाही."
"नक्की?"
"नऊपर्यंत."

जुन्या शेगडीची जाळी, त्यावर पाच वाडगे उपडे,
भोवती पत्रे, गंजक्या नंबरप्लेटा,
आणि चुलतभावाच्या कुरणातल्या रानशेणी
कौलांसारख्या एकीवर एक.
काडी तिने माझ्या हातात दिली.
विझवण्यासाठी आग लावलीय मी कितीदा.
टिकवण्यासाठी कधी नाही.

पावणेआठला आतून फट्‌ आवाज आला.
माझा हात कमरेमागे गेला,
जिथे चंदेरी तंबूची घडी असायची.
"एक गेला," मावशी म्हणाली,
अंडी मोजावीत तशी.

आणि साडेआठला, नऊला नव्हे,
आग्नेयेकडून एक झुळूक आली.
एक रानशेणी कलंडली.
मी पत्रा धरून उभा राहिलो, दोन्ही हातांनी,
पाठ वाऱ्याकडे,
शेवटचा निखारा राख होईपर्यंत.
भुवया थोड्या गेल्या.

चार निघाले. एकाच्या कुशीवर
करडा डाग, ढगाएवढा अस्पष्ट,
रानशेणी टेकली होती तिथे.
"दुकानदार याचे निम्मेच देईल," मी म्हणालो.
"साडेआठची चूक माझी आहे."
मावशीने वाडगा उन्हात फिरवला,
नखाने वाजवला, कान लावला.
"वाजतो तर," एवढंच बोलून
तिने तो स्वयंपाकघरात नेला, विकायच्या खोक्यात नाही.

फुटलेल्याचे तुकडे मी वेचले.
कॉफीच्या डब्यात ती ते एकेक टाकत गेली,
पुढच्या कुठल्यातरी मातीसाठी.
एक मी खिशात ठेवला होता,
अंगठ्याएवढा, अजून कोमट,
अर्ध्या रेघेचा.

डबा हलवून तिने आवाज ऐकला.
माझ्या खिशाकडे पाहिलं, मग झाकण लावलं.
"आणशील तेव्हा आण," म्हणाली.
"डबा इथेच असतो."