माणशी अडुसष्ट किलो

लिफ्टमधल्या पत्र्याच्या पाटीवर
बावीस वर्षं मी एकच हिशोब वाचत आलो:
आठ माणसं, पाचशे चव्वेचाळीस किलो.
म्हणजे माणशी अडुसष्ट.
दिवाळीपर्यंत मी बरोब्बर तेवढा होतो,
कंपनीच्या कागदावरचा माणूस.
आता चोपन्न.

वृषालीने मुलीच्या जुन्या वहीत तीन रकाने आखले.
एक परळचं, एक समुद्राकडचं, एक खाडीपलीकडचं.
वर्षाला ट्रान्सप्लांट किती. त्यातले माझ्या आजाराचे किती.
डिपॉझिट. शंभर दिवस जवळपास राहायला खोली, तिचं भाडं.
प्लेटलेट्सना माणसं आपण आणायची की ते बघणार.
आणि सगळ्यात खाली, अक्षर जरा दाबून:
रात्री दोनला ताप चढला तर फोन कोण उचलतं?

समुद्राकडे सोफा होता, कॉफी होती.
आकडा कागदावर लिहून सरकवला, उच्चारला नाही.
"रिझल्ट उत्तम आहेत," टायवाला मुलगा म्हणाला.
"उत्तम म्हणजे शंभरातले किती?"
तो हसला. वाईट नव्हता बिचारा, टाय नवीन होता.
मी लिफ्ट बघत बसलो. खोड, दुसरं काय.
खाली जाताना कचऱ्याच्या पिवळ्या पिशव्या,
वर येताना त्याच डब्यातून पेशंटची जेवणं.
ज्याच्या रक्तात काही दिवस राखणीला कुणीच नसणार
त्याने हे बघू नये.
की त्यानेच बघावं?

खाडीपलीकडे सगळं नवं. रंगाचा वास अजून.
डॉक्टर तरुण, डोळ्यांत बघून बोलणारे.
"तुम्ही आमचे अकरावे असाल," म्हणाले.
खरं बोलले, म्हणून आवडले.
पण आठच्या लिफ्टमध्ये अकरावा चढला
की दार मिटत नाही, हे मी किती जणांना
किती वर्षं ओरडून सांगितलंय.

परळला बाकावर तीन तास.
शेजारच्या बाईने चुरमुऱ्यांची पुडी पुढे केली,
मला बाहेरचं चालत नाही, तरी हात पुढे झालाच.
इथली लिफ्ट मी बसवलेली.
तिसऱ्या मजल्यावर अर्धा इंच वर थांबते.
थांबते, कारण त्या दिवशी मला घरी जायची घाई होती.
डॉक्टरीणबाईंनी आधी सांगितलं, किती जण परत जात नाहीत.
मग सांगितलं, किती जातात.
वृषालीचं पेन दोन्ही वेळा सारखंच चाललं.

सिस्टर तुस्कानोंनी काचेतून वॉर्ड दाखवला.
दोन दारं, मध्ये चार पावलांची जागा.
पहिलं पुरतं मिटल्याशिवाय दुसरं उघडत नाही.
बाकी मशिनं मला कळली नाहीत,
हे कळलं.
अशाच एका कुलपाच्या भरवशावर
मी आयुष्यभर लोकांना हवेत उभं केलं.

"आणि रात्रीचा फोन?"
"मी उचलते. नाहीतर जो असेल तो.
मागे एकदा कुणीच उचलला नव्हता."
"मग?"
"मग भांडलो, आणि दुसरा फोन घेतला."
वृषालीने दोन्ही नंबर लिहिले.
बाकीचे दोन रकाने तिने खोडले नाहीत,
नुसती वही मिटली.

निमा आली उरणहून, सहा मजले जिन्याने.
माझ्या सख्ख्या बहिणीचा लिफ्टवर विश्वास नाही,
माझ्या तर मुळीच नाही.
दहापैकी दहा जुळलेली ही बाई
घाम पुसत खुर्चीत बसली,
बांगड्या मागे सारून दंड पुढे केला,
"काय ते घ्या," म्हणाली, "पण मला सुई दाखवू नका."

काम झाल्यावर मी म्हटलं, चल, एकदा तरी.
आपण तिघं, पुष्कळ जागा आहे, पाटी वाच.
मान हलवून ती जिन्याकडे वळली.
तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं, कुणी चढलं नाही.
खाली येऊन आम्ही उभे राहिलो,
वर कान लावून.
पाचवा असेल. आता चौथा.
चपलांचा आवाज मध्येच थांबला,
आणि पुन्हा सुरू झाला.